चंपाची सावड

वडिवळ्याच्या खाचरांत आवणीला उतरलेल्या बायांमध्ये चंपा कुठली, हे बांधावरून कुणालाही ओळखता यायचं. बाकीच्या बाया जरा वाकल्या की कंबरेला हात लावून उभ्या राहायच्या. ही बया एकदा वाकली की न्याहरीलाच सरळ व्हायची. डाव्या हातात भाताच्या रोपाची जुडी, उजव्या हाताची बोटं चिखलात, आणि पाठीमागं सरत जाणं. रोप असं रुतायचं की वरून कितीही कोसळो, जागचं हलायचं नाही. "चंपे, जरा दम खा गं, तुझ्यापायी आमचा जीव जातोय," असं बाया करवादायच्या. ती हसायची आणि हात आणखी जोरात चालवायची. खोडच होती तिला ती.

मजूर लावून आवणी करायची ऐपत तेव्हा गावात कुणाची होती? सगळा कारभार सावडीवर चालायचा. आज सगळ्यांनी मिळून याचं खाचर लावायचं, उद्या त्याचं. ज्या घरानं जेवढे हात दिले, तेवढे त्या घराला परत मिळायचे. त्याचा हिशोब गावातले जाणते हौशीराम आबा रोज सांजच्याला बांधावर बसून तोंडानंच करायचे आणि त्यात कधी भांडण झालेलं कुणाच्या ऐकिवात नाही. चंपाचा नवरा सोपान देहूरोडच्या डेपोत कामाला. सकाळच्या गाडीनं कामशेतवरून जायचा तो दिवेलागणीला यायचा. तेव्हा सोपानच्या घरचा सावडीतला हात म्हणजे चंपा. तिची सासू झुंबरबाई हे बोलून दाखवायला लाजत नसे. "माझी सून म्हंजी दोन गड्यांचं काम," असं पाणवठ्यावर सांगायची, आणि ते खोटं नव्हतं.

धाकटी लेक चालायला लागली त्या हिवाळ्यात चंपाला कानामागं कुणीतरी खोकल्यासारखं वाटायला लागलं. मागं बघावं तर कुणी नाही. मग तो खोकणारा बोलायला लागला. कुणीतरी बाप्या, घोगऱ्या आवाजाचा. "बघ, तुलाच हसतायत." "बघ, कालवणात काय कालवलंय." चंपा जेवेनाशी झाली. पोरींना कुणी हात लावला तर अंगावर धावून जायला लागली. एक दिवस रुळाच्या कडेकडेनं चालत पार मळवलीच्या पुढं गेली. गँगमननं ओळखून घरी आणून सोडली तेव्हा तिच्या पायात वहाण नव्हती.

मग काय, जे सगळे करतात तेच झालं. देवऋषी झाला, लिंबं झाली, अंगारे झाले, कोंबडं गेलं. त्यापायी नुसते महिने वाया गेले हो, आणि तेवढ्यात तो घोगरा बाप्या चांगला ऐसपैस बसला. शेवटी डेपोतल्या एका सोबत्यानं सोपानला सांगितलं की लोणावळ्याला दर गुरुवारी पुण्याचे एक डॉक्टर येतात, डोक्याचे आजार बघतात. डॉक्टर पळसुले त्यांचं नाव. त्यांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, ते सोपान स्टेशनावर पोचेपर्यंत विसरला. पण गोळ्या मात्र त्यानं नीट सांभाळून आणल्या आणि आपल्या हातानं दिल्या.

गोळ्यांचा गुण आला. नाही म्हणायची सोयच नव्हती. तो आवाज लांब गेला. शेजारच्या घरात कुणी बोलत असावं, एवढाच उरला. चंपा जेवायला लागली, पोरींच्या वेण्या घालायला लागली. घरानं सुटकेचा निःश्वास टाकला. सोपान तर म्हणाला, "आता मला डेपोत जीव लावून काम करता येतंय." त्यालाही किती दिवस झोप नव्हती, ते कुणी विचारलं नव्हतं.

पण गोळ्यांनी दुसरंही काही आणलं. चंपाचं अंग लाकडासारखं झालं. जीभ जड झाली, तोंडाच्या कडेनं लाळ गळायची. जरा उन्हात गेली की कातडी भाजून निघायची. आणि हात! ते हात थरथरायला लागले. पितळीतलं कालवण तोंडाशी नेईपर्यंत निम्मं पदरावर. दर खेपेला डॉक्टर विचारायचे, "आवाज येतात का?"

"कमी."

"झोप?"

"लय."

"छान," म्हणायचे आणि त्याच गोळ्या पुन्हा द्यायचे. दारात आणखी माणसं ताटकळलेली असायची. हाताचं त्यांनी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. डॉक्टरला आपणहून काही सांगायचं असतं, हेच तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या साली आवणीला चंपा उतरली. रोप चिखलात खोचायला बोटं नेमकी लागतात. वर राहिलं तर तरंगतं, फार दाबलं तर कुजतं. चंपानं लावलेलं रोप तिच्या डोळ्यांसमोर सुटून पाण्यावर यायला लागलं. शेजारची बाई मुकाट्यानं ते पुन्हा लावायची. ओळ तिच्यापाशी येऊन तुटायला लागली. दोन दिवस असंच चाललं. मग सांजच्याला हौशीराम आबांनी घसा खाकरला.

"झुंबरे, उद्यापास्नं तू ये. चंपाला पोरींपाशी ऱ्हाऊ दे."

आबा चांगला माणूस. रागानं बोलले नव्हते, उलट मान खाली घालून बोलले. पण त्या घोगऱ्या आवाजानं आजवर चंपाला जेवढं रडवलं नसेल, तेवढं या एका वाक्यानं रडवलं. घरी येऊन ती चुलीपुढं बसली आणि हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडं बघत राहिली. सासू तिच्याऐवजी सावडीला जायला लागली. रोज सकाळी म्हातारी पावसाचं इरलं डोक्यावर घेऊन निघायची, आणि चंपा दारात उभी राहून तिच्या पाठीकडं बघायची.

पुढच्या आवणीच्या तोंडावर झुंबरबाईचे गुडघे सुजले. उठायचं म्हटलं तरी "अगं आई" व्हायचं. सावडीत हात दिला नाही तर आपलं खाचर कोण लावणार? तेव्हा चंपानं सासूला मनातला विचार बोलून दाखवला.

"आत्या, आवणीपुरत्या गोळ्या ठिवू का बाजूला? हात मोकळं व्हतील."

आता मावळातलं माणूस आवणीपुढं काहीही बाजूला ठेवतं. लग्नाची बोलणी, वाटणीची भांडणं, दुखरा दात, माहेरचा निरोप, सगळ्याला उत्तर एकच: आवणी झाली की बघू. झुंबरबाईनं उभ्या जन्मात हेच केलं होतं. एव्हाना गोळ्या तीच द्यायची, आणि तिला त्यांचं त्याहून वेगळं काही वाटलं नाही. "ठिव," ती म्हणाली. "सोप्याला नगं सांगू, उगं कावंल." दोघी तशा शहाण्या बाया, आणि दोघींनी मिळून ही चूक केली.

आणि लबाडी अशी की आधी सगळं छानच झालं. हात मोकळे झाले. जीभ हलकी झाली. चंपा खाचरात उतरली आणि पहिल्यासारखी सरसर मागं सरायला लागली. बाया खूश, आबा खूश. झुंबरबाईनं तर देवापुढं साखर ठेवली. सोपानलाही वाटलं, गोळ्यांनीच बायको पुरती बरी झाली.

खोकला परत आला तेव्हा चंपानं तो ऐकला. नाही ऐकला असं नाही. पण आवणी अर्धी राहिली होती. आणखी चार खाचरं झाली की गोळ्या घेऊ, असं तिनं ठरवलं आणि कुणाला बोलली नाही.

सरूबाईचं खाचर लावून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, सरूबाई पाणी बघायला गेली. ही बाई एकटी, नवरा वारलेला, त्या एका खाचरावर वर्ष काढणारी. बघते तो चंपा खाचरात उभी. लावलेलं रोप उपटत होती आणि जुड्या बांधून बांधावर ओळीनं मांडत होती. जवळजवळ सगळं खाचर उघडं झालं होतं.

"चंपे! मेले! काय केलंस ह्ये!"

चंपानं वर पाहिलं. तिचा चेहरा घामानं थबथबलेला, पण शांत होता. "सरूबाई, लवकर या, हात लावा. ह्ये सगळं जाळणार हायेत. त्यो सांगतोय. जेवढं निघंल तेवढं काढून ठिवते तुमचं."

तिला खरंच वाटत होतं की आपण सरूबाईचं भात वाचवतोय. सरूबाईनं ऊर बडवून घेतला. गाव गोळा झालं. उपटलेल्या रोपाच्या मुळ्या तुटलेल्या, ते परत लागणारं नव्हतं. आणि ऐन आवणीत कुणाकडं जादा रोप असतं?

सोपान डेपोतून आला. गोळ्यांचं कळल्यावर आईवर ओरडला, बायकोवर ओरडला, मग ओसरीवर बसून डोकं धरलं. पण माणूस सरळ. दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या खाचरासाठी राखलेलं रोप काढलं, डोक्यावरून सरूबाईच्या खाचरात नेलं आणि आबांना म्हणाला, "आधी तिचं लावा." त्याचं स्वतःचं खाचर त्या साली पड राहिलं. त्यात गवत माजलं, आणि जाणारा येणारा ते बघायचा. त्या वर्षी त्या घरानं नाचणीवर आणि विकतच्या तांदळावर दिवस काढले.

सोपाननं गोळ्या लगेच पुन्हा सुरू केल्या, आणि आवणी उरकल्यावरच्या गुरुवारी तिघं लोणावळ्याला गेली. डॉक्टर पळसुले आधीच तापट, हे ऐकून आणखी भडकले.

"गोळ्या कोणी बंद केल्या?"

"म्या," झुंबरबाई म्हणाली.

"म्या," चंपा म्हणाली. गोळ्या पुन्हा सुरू होऊन पंधरवडा झाला होता. तिचे हात परत थरथरत होते.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग सोपानकडं वळून म्हणाले, "हे बघा, आता एक नवीन इंजेक्शन आलंय. एकदा दिलं की काही आठवडे बघायला नको. गोळी दिली का, गिळली का, लपवली का, काही भानगडच नाही."

सोपानचा जीव भांड्यात पडला. "द्या डॉक्टरसाहेब. आत्ताच द्या."

"मला नगं," चंपा म्हणाली.

सोपान दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, त्यांना कळतंय का तुला?"

"त्यांस्नीच कळतंय. पर मला बोलू द्या." तिची जीभ जड होती, शब्द सावकाश येत होते. "टोचलं आन् हात आसंच थरथराय लागलं, तर ते काढून कसं टाकणार? गोळी कमीजास्त व्हती. टोचलेलं कुटं कमी व्हतंय?"

"ते खरं आहे," डॉक्टर जरा वरमून म्हणाले. "पण बाई, हाताचं तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तुमी इच्यारलं न्हाई."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं, चुकलं माझं. आता विचारतो. काय हवंय तुम्हाला? आवाज जायला नको?"

"गेला तर गोडच. पर त्यो जाण्यापायी माझं हात जाणार आसतील तर मला सौदा नगं. त्यो बोलला तर ऐकायचं का न्हाई ते मी बगन. पर हातांनी माझं ऐकाया पायजेल."

"बघितलंत की या खेपेला," डॉक्टर फटकन् म्हणाले. "बिचाऱ्या बाईचं शेत उपटलंत."

हे लागलं. लागायलाच हवं होतं. चंपा खाली बघत राहिली. झुंबरबाई मध्ये बोलायला गेली, तर तिनं हातानंच थांबवलं.

"व्हय, उपटलं," ती म्हणाली. "त्यो मोठ्यांदी बोलाय लागला की मला त्येचं खरं वाटतं. बारीक बोलतो तवा मला ठावं आसतं ह्यो त्योच हाय. म्हून म्हंते, त्यो बारीक ऱ्हाईल आन् हात चालतील, आसं काय आसंल तर द्या. आन् त्यो वाढला की त्याच दिशी मी बोलून दावीन. दडवायची न्हाई."

डॉक्टरांनी चिठ्ठीचा कागद पुढं ओढला. मग वाद घालत, कुरकुरत त्यांनी ठरवलं. मोठी गोळी कमी करायची आणि सगळी निजताना घ्यायची, म्हणजे दिवसा गुंगी नको. सकाळी थरथरीवरची एक बारकी गोळी. आवाज चढला तर त्याच दिवशी घरात सांगायचं आणि गुरुवारची वाट न बघता पुण्याला यायचं. "आणि परत लपवून बंद केल्यात तर इंजेक्शन. तेव्हा माझ्याशी वाद घालायचा नाही. कबूल?"

"कबूल."

"हात अगदी पहिल्यासारखे होणार नाहीत, हेही सांगून ठेवतो."

"कामापुरतं झालं तरी बास," चंपा म्हणाली. सोपानला हे सगळं पटलं नव्हतं. घरी जाताना गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला. कामशेत आल्यावर एवढंच म्हणाला, "सांगशील ना पर? खरंच सांगशील?"

हात सावकाश सुधारले. दिवाळीत तिनं करंज्यांना मुरड घातली, वाकडीतिकडी, पण घातली. आवाज होता. कधी चुलीमागून, कधी पन्हाळीतून. दळताना आला की ती जातं थांबवायची आणि सासूला सांगायची, "आलाय." सासू म्हणायची, "येऊ दे मुडद्याला," आणि दळण पुढं चालू व्हायचं.

उन्हाळ्यात, भाताच्या रोपासाठी राब भाजायच्या दिवसांत चंपा सरूबाईच्या दारात गेली. सरूबाई त्या आवणीपासून तिच्याशी बोलत नव्हती.

"सरूबाई, औंदा सावडीत मला तुमच्या शेजारी उभी ऱ्हाऊ द्या."

"का? माझ्याच उरावर का?" सरूबाई कडाडली. "मला काय तुझी राखण बशिवलीया?"

"राखण न्हाई. त्यो बोलाय लागला तर कुणाला तरी सांगाया लागतंय. बाकीच्या घाबरत्यात नायतर कीव करत्यात. तुमी दोन्ही करत न्हाई. तुमी नुस्त्या रागावलाय."

सरूबाईनं सुपातली नाचणी दोनदा पाखडली. "मी आजून रागावलेलीच हाय," ती म्हणाली.

"आसू द्या की."

"ऱ्हा उभी. पर रोपाला हात लावलास तर हात मोडून ठिवीन."

आबांना हे मान्य करवणं सोपं नव्हतं. त्यांचं म्हणणं, घराला सावडीत घेतो, पण हात झुंबरबाईचा. सरूबाईच मध्ये पडली. "जिचं नुसकान झालं तिला चालतंय, मंग तुमाला काय झालं?" यावर आबांनी चंपाला ओळीत घेतलं.

आवणी लागली. चंपा सरूबाईच्या शेजारी वाकली. पहिली चपळाई नव्हती, पण रोप जागेवर बसत होतं, ओळ तुटत नव्हती. मग एक दिवस, हौशीराम आबांच्याच खाचरात, दुपारच्या भाकरीच्या जरा आधी, चंपा सरळ उभी राहिली. हातातली जुडी तिनं सरूबाईच्या हातात दिली.

"बोलाय लागलाय," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, सगळ्या बायांना ऐकू गेलं.

"काय म्हंतोय?"

"उपट म्हंतोय. मोठा हाय आवाज आज."

सगळ्या ओळीचे हात थांबले. कुणीतरी "आगं बाई" म्हणालं. सरूबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं.

"मंग बांधावर जा. पाणी पी. मला दिसंल आशी बस."

चंपा चिखलातून बाहेर आली, इरलं पाठीवर ओढून बांधावर बसली. सांज होईतो बसली. हात मांडीखाली दाबून धरले होते, ओठ हलत होते, पण जागची हलली नाही. अधूनमधून सरूबाई कंबर सरळ करायची आणि तिकडं एक नजर टाकायची. उद्या पुण्याला डॉक्टरांकडं जायचं, असा तिथूनच सासूला निरोप गेला.

सांजच्याला आबा हिशोबाला बसले. तोवर निरोप ऐकून झुंबरबाई काठी टेकत येऊन पोचली होती. ती घाईघाईनं पुढं झाली. "आबा, हात पुरा धरा हो. उद्या म्या उतरते तिच्या बदली, भरून काढते. आमच्या घराचा कमी नगा धरू."

"आत्या, बसा तुमी," चंपा म्हणाली. उठून उभी राहिली, पाय गारठले होते त्यामुळं जरा तोल गेला, सरूबाईनं दंड धरला. "आबा, दुपारपत्तुर लावलं, मागनं बसले. अर्धा धरा. पर माझ्या नावानं धरा."

झुंबरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनेच्या हाताचा एवढा तोरा मिरवणारी ती, कुणाच्या नावानं धरायचं हे तिनं कधी मनातही आणलं नव्हतं. आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला, डोकं खाजवलं आणि बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत म्हणायला सुरुवात केली.

"गंगी, पुरा. हिरी, पुरा. सरूबाई, पुरा." अंगठा पुढच्या पेरावर आला. "चंपा, अर्धा."